प्राप्तीचा कौल

सुचिताला पहिला संशय आला तो पापलेटावरून.

लाँचनं करंज्याला उतरून, रिक्षानं माहेरच्या छावणीत येऊन, पाय धुऊन ती ताटावर बसली, तर ताटात अख्खं पापलेट. डोक्यापासून शेपटीपर्यंत, ताटाच्या दोन्ही काठांना टेकलेलं. भावजयीनं, अमिषानं, सोळा वर्षांच्या संसारात नणंदेचं स्वागत सुकटीच्या पुढे कधी नेलं नव्हतं. दोघींचं जमत नव्हतं आणि ते दोघींनाही मान्य होतं, त्यामुळे भांडणही होत नव्हतं. अशा बाईनं एकाएकी पापलेट वाढलं की समजून जावं, तिचं काहीतरी अडलंय.

"कुठून आणलंस गो एवढं मोठं?"

"बंदरावरून. सकाळीच गेले होते."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच, ताई. दुसरं कोण येणार आहे?"

सुचितानं काटा काढता काढता सगळ्यांवर नजर फिरवली. तिचा स्वभावच तसा होता. नागावला तिच्या घरगुती खोल्यांत पाहुणे उतरायचे, तेव्हा माणसं किती, बॅगा किती आणि त्यातली नवरा-बायको खरी किती, हे ती फाटकातच ताडायची. चुकायची क्वचित. मग माहेरच्या माणसांना तर ती आरपार ओळखणार, असा तिचा समज होता.

समोर विनेश मान खाली घालून जेवत होता. हा तिचा धाकटा भाऊ, कंटेनर यार्डात फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याच्या शेजारी त्यांची आई, तुळशी. आणि कोपऱ्यात, सगळ्यांपासून हातभर लांब, प्राप्ती. विनेशची पोर, नववीत शिकणारी, चौदा वर्षांची. तिच्या ताटात वरणभात होता.

"हिला मासळी नाही?"

"नको तिला," तुळशी म्हणाली. "हिरामणभाऊजींनी सांगितलंय. उद्यापावेतो न्हाय. देवीचं अंग हाय ते."

कोळ्याच्या पोरीपुढे वरणभात आणि तिच्या हातभर पलीकडे तळलेलं पापलेट. प्राप्तीनं चार घास चिवडले, ताट उचललं आणि मोरीकडे गेली. अमिषा तिच्या पाठीकडे बघत राहिली. विनेश अमिषाकडे बघत राहिला. आणि तुळशी त्या दोघांकडे अशी बघत होती, जणू दोघांनी मिळून घरातलं काहीतरी विकायला काढलंय.

सुचिताला बोलावून घेतलं होतं ते तिच्या चुलत्यानं, हिरामणकाकानं. "रविवारी कौल लावायचाय," एवढंच तो फोनवर म्हणाला होता. बाकी तिला ठाऊकच होतं. बंदरासाठी जुनं गाव उठवलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. दोन वर्षांसाठी म्हणून सगळ्यांना इथं छावणीत आणून टाकलं, त्याला चाळीस वर्षं होत आली. तिचा बाप, विठोबा, त्या दोन वर्षांत म्हातारा झाला आणि मेलासुद्धा. आता सरकारनं नवी जागा देऊ केली होती, डोंगराच्या अंगाला, खाडीपासून चांगली सहा किलोमीटर आत. अकरा घरांच्या या कुटुंबानं होय की नाही ते बुधवारपर्यंत लिहून द्यायचं होतं. अर्धे म्हणत होते जाऊ, अर्धे म्हणत होते मेलो तरी खाडी सोडणार नाही.

आणि नेमकी नवरात्रात प्राप्तीच्या अंगात देवी आली. आरती चालू असताना पोर थरथरायला लागली, हात वळले, डोळे फिरले, कोसळली. बायकांनी हळदकुंकू लावलं, कुणी पायावर नारळ ठेवला. त्यानंतर आणखी दोनदा तसंच झालं. मग हिरामणकाकाच्या डोक्यात आलं, भांडताय कशाला, देवीआईलाच विचारू.

जेवणं झाल्यावर विनेश बहिणीला गटारापलीकडच्या शेवग्याखाली घेऊन गेला. घरात बोलायचं नाही म्हणजे शेवग्याखाली बोलायचं, हा त्या घराचा जुनाच रिवाज होता. पत्र्याच्या आणि वाळवीनं खाल्लेल्या फळ्यांच्या घरात कुजबुजही शेजारी ऐकू जायची.

"ताय, काकानं तुला कशाला बोलवलंय, समजलं ना? उद्या तू पोरीच्या बाजूला बसायचंस आणि तिच्याकडून 'न्हाय' वदवून घ्यायचंस. तो रोज संध्याकाळी येतो, तिच्या कानाशी बसतो. जुन्या गावाच्या गोष्टी सांगतो म्हणे."

"आणि तू कुठे असतोस तेव्हा?"

"ड्यूटीवर."

"मग तुला कोणी सांगितलं?"

विनेश शेवग्याची साल खरवडू लागला. बायकोनं सांगितलं, हे त्याला कबूल करायचं नव्हतं.

तासाभरानं खुद्द हिरामणकाका आला. सत्तरीचा, पण ताठ. छावणीच्या प्रत्येक मोर्चाच्या पुढे चाळीस वर्षं हाच माणूस. खुर्चीवर बसला, पाणी प्याला आणि अमिषा आत गेल्याची खात्री करून घेऊन हळूच म्हणाला, "सुचे, तुझ्या भावजयीवर डोळा ठेव. पोरीला पढवलीय तिनं. तिला उरणात फ्लॅट पायजे."

"विनेश म्हणतो तुम्ही पढवता."

"मी? मी कशाला पढवू? आई काय बोलणार मना ठाव हाय. तुझ्या तोंडून बोलली तेच बोलल."

सुचितानं पदर सारखा केला. त्या आठवणीचं नाव निघालं की तिचा हात पदराकडे जायचा.

"बारा वर्षांची व्हतीस," काका म्हणाला. आवाज मऊ झाला होता. "तेवाबी अशीच जागा दाखवलेली. अर्धे लोक ट्रकात बसायला तयार. आनि तुझ्या अंगात आई आली. मी स्वतः इचारलं, आई, जायचं का? तू बोललीस, न्हाय. त्या एका शब्दावर आपन आजपावेतो उभे हाव. उद्या तिच्या शेजारी बस फक्त. जुन्या अंगाची सोबत आसली म्हंजे वारं लौकर येतं."

तो गेला. सुचिता तिथंच बसून राहिली. काका खोटं बोलत नव्हता. त्याचा खरोखर विश्वास होता, आणि सुचिताला तेच नको होतं. खोटारड्या माणसांचं तिला कधी भय वाटलं नाही. त्यांचं काय करायचं ते तिला कळायचं.

दुपार कलली तशी ती मोरीत हात धुवायला गेली आणि फळीच्या पलीकडून अमिषाचा दबका आवाज आला. फोनवर होती.

"हो मॅडम, सोमवारी. पहिल्या लाँचनं निघू, म्हणजे दहापर्यंत अलिबाग... नाही, घरी कुणाला सांगितलेलं नाही. मिस्टरांना पण नाही."

सुचिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोमवारी अलिबाग. कलेक्टर कचेरी. बाई सगळ्यांच्या आधी जाऊन परस्पर संमती लिहून देणार. पापलेटाचा अर्थ आता लागला. नागाववरून अलिबाग हाकेच्या अंतरावर. नणंद हाताशी असलेली बरी. ती तरातरा फळीला वळसा घालून गेली.

"कुठली मॅडम?"

अमिषानं फोन छातीशी धरला. पण ती मागे हटली नाही.

"आधी सांगा ताई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"ते तू मला विचारू नको."

"तेच विचारायचं होतं म्हणून मासळी केली. विचारायची हिंमत झाली नाही." तिनं फोन बंद केला. "शाळेत समुपदेशनाला येतात त्या मॅडम. प्राप्तीला सरकारी दवाखान्यात घेऊन जातेय. मनाच्या डॉक्टरकडे."

"वेड्यांच्या?"

"म्हणा तसं. मला फरक पडत नाही."

"अगं, देवी म्हणतात तिला आणि तू..."

"तुम्हाला तीन वेळा माहीत आहे," अमिषा म्हणाली. "आरतीत झालं, चारचौघांत झालं, म्हणून ती देवी. दीड वर्ष झालं ताई. बाथरूममध्ये होतं. वर्गात होतं. परीक्षेत पेपर कोरा ठेवून बाहेर आली. तेव्हा कुणी नारळ नाही ठेवला. तेव्हा म्हणाले, आईचं वळण, अभ्यास नको म्हणून नाटकं."

सुचितानं आवाज उतरवला, पण संशय सोडला नाही. "आणि नाटक नाही कशावरून? पोरी करतात. लाड होतात, कामं टळतात. मला सांगू नको, मला माहीत आहे पोरी कशा..."

ती अर्ध्यावर थांबली. अमिषा तिच्याकडे टक लावून बघत होती.

"तुम्हाला कसं माहीत?"

"घरात एवढं वय गेलं माझं," सुचिता म्हणाली आणि निघून आली.

पण ठरवलं मात्र तिनं. आज पोरीला पकडायची. ढोंग आहे का नाही, हे या छावणीत दुसऱ्या कुणाला कळलं नाही तरी तिला कळणार होतं.

दिवेलागणीला ती वाल सोलायला घेऊन प्राप्तीजवळ बसली. पोर भूगोलाच्या वहीत काहीतरी काढत होती. सुचितानं बांगडीतली सेफ्टी पिन काढून मुठीत धरली. अंगात आलेल्या बाईला टोचलेलं कळत नाही म्हणतात. खोटी असेल तर ओरडते.

"काय काढतेस?"

"जुनं गाव." प्राप्तीनं वही पुढे केली. "हे आपलं घर. ही विहीर. हे तुझ्या मैत्रिणीचं घर, भिकूआजोबांच्या मागचं. बरोबर आहे ना?"

सुचितानं बघितलं. बरोबर होतं. विहिरीचा काठ एका बाजूला खचला होता, तोसुद्धा दाखवला होता. ही पोर त्या गावाच्या जागेवर एकदाही गेली नव्हती. जाणार कुठून, तिथं आता डांबर होतं.

"तुला कुणी सांगितलं एवढं?"

"आजी सांगते ना. रोज झोपताना. लहान होते तेव्हापासून."

छावणीच्या मागच्या रस्त्यावर एक ट्रेलर मागे यायला लागला. टीं, टीं, टीं. सुचिताच्या ते ध्यानातही आलं नसतं. पण प्राप्तीची पेन्सिल थांबली. ओठ हलायला लागले, काहीतरी मोजत असावी. मग मोजणं तुटलं. श्वास वर वर जायला लागला, खाली उतरेचना. तिनं दोन्ही हात गळ्याशी नेले आणि सुचितानं तिची बोटं बघितली.

अंगठा आत, चारी बोटं ताठ, चिमटीसारखी वळलेली.

सुचितानं मूठ उघडली. पिन वालाच्या टरफलात पडली. हे ढोंग नव्हतं. हे असं वळणं कुणाला करून दाखवता येत नाही, याची तिच्याइतकी खात्री त्या घरात कुणालाच असणार नव्हती. कारण वर्षातून दोन-तीनदा, कधी पाहुण्यांच्या गाड्या अंगणात मागे येत असताना, कधी नुसतंच जेवताना, तिचीही बोटं अशीच वळायची. बारा वर्षांची असताना त्याला देवी म्हटलं. लग्न होऊन नागावला गेली तेव्हा तिथं देवीचं कुणी विचारलं नाही, म्हणून ॲसिडिटी म्हणू लागले.

"आत्या," प्राप्ती कसंबसं म्हणाली, "मी मरतेय का?"

देवी असं विचारत नाही.

"नाही मरत," सुचिता म्हणाली. तिनं पोरीला पाठीमागून कवेत घेतलं आणि आपला श्वास मुद्दाम मोठ्यानं, सावकाश सोडत राहिली. "माझ्यासारखं सोड. घाई नाही. आता बोटांना मुंग्या येतील, मग सुटतील. आधी करंगळी सुटते."

करंगळी आधी सुटली. प्राप्तीनं मान वळवून आत्याकडे पाहिलं.

"तुला कसं माहीत?"

दिवसभरात हाच प्रश्न दुसऱ्यांदा आला होता. या वेळी निघून जाता येईना. पोर तिच्या मांडीत होती.

"तू आधी सांग. तो आवाज आला की काय होतं?"

"वाटतं, आपल्यासाठीच गाडी आली. भांडी भरायला." प्राप्तीचा आवाज एकसुरी होता, पाठ केलेला धडा म्हणावा तसा. "चुलीवर भात तसाच राहिलाय. आपला कुत्रा गाडीमागं धावत येतोय आणि कुणी थांबत नाही. मला तो कुत्रा दिसतो आत्या. त्याचा एक कान दुमडलेला आहे. मी तर तेव्हा जन्मलेच नव्हते."

कान दुमडलेलाच होता. सुचिताला एकदम रडू आलं आणि तिनं ते पोरीच्या केसांत लपवलं. त्या दिवशी ट्रकात बसून त्या कुत्र्याला हाका मारणारी तीच होती. आईनं ते सगळं जपून ठेवलं आणि नातीच्या उशाशी रोज थोडं थोडं सांडलं, प्रेमानंच सांडलं, आणि पोर ते सगळं पीत राहिली.

"आत्या, ही पिन कशाला काढली होतीस?"

"पदराला लावायला."

प्राप्तीनं विश्वास ठेवला नाही. ती याच घरातली होती. पण वाद घातला नाही.

"देवी असेल," ती थोड्या वेळानं म्हणाली, "आणि मम्मी गुपचूप नेतेय तशी मी सोमवारी डॉक्टरकडे गेले, तर ती रागवेल?"

"नाही रागवणार."

"आणि उद्या मी काय बोलायचं? आजी म्हणते, त्या डोंगरात मी महिनाभर जगणार नाही. मम्मी म्हणते, या घरात मीच मरेन. पप्पा काही म्हणत नाहीत, नुसते बघतात. हिरामणआजोबा रोज सांगतात, देवीआई खरं तेच बोलेल. मला काही ऐकू येत नाही आत्या. मी खूप ऐकून बघितलं. आतून कुणीच काही बोलत नाही."

सुचितानं वालाचं सूप बाजूला सारलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. कुणी विचारलं नाही, कारण त्या घरात त्या दिवशी सगळेच एकमेकांच्या ताटाकडे बघत होते.

रविवारी सकाळी अकरा घरं समाजमंदिराच्या पत्र्याखाली जमली. प्राप्तीला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवली होती. चौदा वर्षांच्या पोरीला ती साडी कुठेच बसत नव्हती. अंबाजी ढोल घेऊन तयार. हिरामणकाकाची बायको, सोनाबाई, हातात कुंकवाची वाटी घेऊन उभी. विनेश दाराशी आणि अमिषा त्याच्यापासून चार माणसं सोडून. नवरा-बायको एका बाजूला दिसले तर लोक म्हणतील ठरवून आलेत, म्हणून लांब उभे होते.

"सुचे, बस तिच्या बाजूला," काका म्हणाला.

सुचिता बसली नाही.

"आधी माझा कौल निकालात काढा, काका."

"तुझा कनचा?"

"पस्तीस वर्षांपूर्वीचा. तो आईचा नव्हता. माझा होता."

अंबाजीनं ढोलावर टेकवलेली काठी उचलली. मागच्या बायका पुढे सरकल्या.

"मी बारा वर्षांची होते," सुचिता म्हणाली. "ढोल वाजला, छातीत धडधड झाली, हात वळले. ते खरं. तुम्ही विचारलंत, जायचं का. मला फक्त ट्रक दिसला. परत ट्रकात बसायचं या भीतीनं माझ्या तोंडून 'न्हाय' निघालं. देवीबिवी कुणी नव्हतं. मला तेव्हाच ठाऊक होतं. पण तुम्ही सगळे पाया पडलात, नवा परकर घेतलात, मग सांगायचं कुणाला? आणि कसं?"

सोनाबाई कुंकवाची वाटी खाली ठेवत म्हणाली, "पस्तीस वर्सं आठवलं न्हाय आनि आज बरं आठवलं."

"भावानं बोलवून घेतली असल," मागून कुणीतरी म्हणालं.

"काकानं बोलवली मला," सुचिता म्हणाली.

विनेश मात्र पुढे आला. डोळे चमकत होते. "म्हणजे तेव्हाच जायला पायजे होतं. ऐकलंत सगळ्यांनी? आता तरी..."

"तू गप बस," सुचिता त्याच्यावर उसळली. "तुझ्या बाजूनं बोलायला उभी नाही मी. जायचं का राहायचं ते तुम्ही मोठ्यांनी ठरवा. हात वर करा, चिठ्ठ्या टाका, डोकी फोडा. पोरीच्या तोंडून नको. ती घाबरलेली आहे, आजारी आहे. उद्या तिला डॉक्टरकडे नेणार आहोत, अमिषा आणि मी."

विनेशनं गर्रकन बायकोकडे पाहिलं. अमिषानं नजर खाली घातली नाही.

हिरामणकाका अजून खुर्चीतून उठला नव्हता. तो रागावला असता तर सुचिताला सोपं गेलं असतं. पण तो तिच्याकडे अशा नजरेनं बघत होता, जणू घरातला खांब पोकळ आहे असं कुणी सांगितलंय.

"एक सांग सुचे," तो हळू म्हणाला. "तेवा खोटं बोललीस म्हनतेस. जी तेवा खोटं बोलली, ती आज खरं बोलतेय हे कशावरून?"

आयुष्यभर तिनं सगळ्यांना हाच प्रश्न मनातल्या मनात विचारला होता. माणसं कुजबुजू लागली. काकानं अंबाजीला मान हलवून खूण केली. ढोलावर पहिली थाप पडली आणि पाटावरची पोर दचकली. तिचे हात गळ्याकडे जायला लागले.

"थांबव ते," तुळशी म्हणाली.

ती एका कोपऱ्यात चटईवर बसली होती. 'न्हाय' ऐकायला सगळ्यात आतुर कोण असेल तर ही म्हातारी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून अंबाजीला कळेना, थांबवायचं का नाही. ती भिंतीला धरून उठली, चालत पाटापाशी आली आणि लेकीकडे न बघता बोलायला लागली.

"सुचेच्या बापानं मना इचारलेलं. त्याच दिवशी, घरी गेल्यावर. मना बोलला, तुळशे, पोर घाबरलीय का गो? मना तर घाबरलेली वाटते. मी बोलले, गप ऱ्हावा, आई बोललीय." तिनं नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "तो जागा बघून आलेला. जाळी कुठं वाळत घालायची तेबी बघून आलेला. माझ्यासाठी गप ऱ्हायला. मरेपावेतो गप ऱ्हायला. मना ठाव होतं पोर घाबरलीय. मना जायचं नव्हतं, म्हनून मी आई बोललीय असं धरून चालले."

इतकी वर्षं सुचिताला वाटत होतं तिनं सगळ्यांना फसवलं. बापाला ती फसवू शकली नव्हती, आणि आईला फसवायची गरजच नव्हती.

"हिरामणभाऊजी, माझी नात हाय," तुळशी म्हणाली. "कौल न्हाय व्हनार."

तिनं प्राप्तीला दंडाला धरून उठवलं, पदरानं तिचं कपाळ पुसलं आणि घेऊन निघाली. लेकीजवळून जाताना क्षणभर थांबली.

"तू मना आज तोंड दावू नको," ती म्हणाली. "उद्याचं उद्या बघू."

मागे समाजमंदिरात जे सुरू झालं त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत येत होता. दुपारपर्यंत हात मोजून झाले, कुणी दोन्ही वेळा हात वर केला म्हणून भांडण झालं, पुन्हा मोजले. निर्णय काही झाला नाही. बुधवारपर्यंत भांडायला वेळ होता. विनेश संध्याकाळी घरी आला, बायकोला म्हणाला, "मला तरी सांगायचंस," आणि मग बऱ्याच वेळानं, "किती वाजता निघायचंय?"

सोमवारी पहिल्या लाँचला चौघं होते. विनेशनं ड्यूटी टाकली होती. तो आणि अमिषा पुढे बसले, थोडं अंतर ठेवून, पण एकाच बाकावर. प्राप्ती आत्याजवळ इंजिनाच्या बाजूला बसली.

"आत्या, डॉक्टर विचारतील ते सगळं सांगायचं? आजीच्या गोष्टींचं पण?"

"सगळं सांग."

"आजीला राग येईल."

"येईल. तिच्याशी मी बोलेन."

"ती तुझ्याशी बोलत नाहीये."

"मग मी बोलेन आणि ती ऐकेल."

प्राप्ती हसली. बऱ्याच दिवसांत हसली नसावी, कारण अमिषानं आवाज ऐकून मागे वळून पाहिलं. लाँच खाडीच्या मध्यावर आली. रेवसचा धक्का दिसायला लागला.

"तुझं कधी थांबलं, आत्या?"

सुचितानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पर्समधून लाँचची तिकिटं शोधू लागली, जी उतरताना कुणी मागत नव्हतं.

दवाखान्यात गर्दी होती. मनोविकाराच्या खोलीबाहेर टेबलावर एक सिस्टर नोंदवही घेऊन बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "नाव?"

"प्राप्ती विनेश कोळी," अमिषानं सांगितलं.

"वय?"

"चौदा."

"त्रास कधीपासून?"

"दीड वर्ष."

"बसा तिकडे. पुढचे कोण?"

अमिषा आणि विनेश पोरीला घेऊन बाकाकडे वळले. सुचिता टेबलापाशीच उभी राहिली. मागच्या माणसानं खाकरून जागा मागितली. ती हलली नाही.

"तुम्ही त्यांच्यासोबत ना, मावशी?"

"सोबत आहे," सुचिता म्हणाली. "माझं पण नाव लिहा. सुचिता. वय सत्तेचाळीस."

बाकावरून प्राप्ती तिच्याकडे बघत होती. तिला पाठीवर ते जाणवत होतं.

"त्रास कधीपासून?"

"एकोणचाळीस वर्षं."

सिस्टरनं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं, आणि मग लिहून घेतलं.